मिथेनने भरलेल्या गाळात फॉस्फरस सुटतो की अडकतो?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. पाठ्यपुस्तकात लिहिलेलं असतं की तळाशी ऑक्सिजन संपला की गाळ आपल्याकडचा फॉस्फरस पाण्यात सोडून देतो. मग बाल्टिकच्या उत्तरेकडच्या बोथ्नियाच्या समुद्रातल्या गाळात ऑक्सिजनचा पत्ता नाही, मिथेन मात्र ठासून भरलेला आहे, आणि तरी तिथे फॉस्फरस कायमचा पुरला जातो, हे कसं? मिथेन आणि फॉस्फेट यांच्यात तर थेट रासायनिक व्यवहार काहीच नाही. आणि कोकण-गोव्यासमोरच्या गाळातही वायू भरलेला आहे म्हणतात, तिथे काय अपेक्षा ठेवायची?

दोन्ही विधानं खरी आहेत. ऑक्सिजन संपणं ही फक्त पहिली पायरी. पुढे काय होणार हे लोह कोणाच्या हाती लागतं यावर ठरतं. लोह जर सल्फाइडच्या (गंधकाच्या एका संयुगाच्या) हाती लागलं तर फॉस्फेट मोकळं होतं. लोह जर फॉस्फेटच्या वाट्याला उरलं तर दोघं मिळून खनिज होऊन बसतात. मिथेनचं काम पडद्यामागचं आहे: गाळात सल्फाइड किती खोलीवर तयार होणार आणि कुठून खाली ते अजिबात नसणार, याची सीमारेषा तो आखतो. एवढं लक्षात राहिलं तरी पुरे आहे, पण खरी गंमत तपशिलात आहे.

सुरुवात फॉस्फरसच्या स्वभावापासून. नायट्रोजन हवेतून पाण्यात येतो, पाण्यातून हवेत परत जातो. फॉस्फरसला ही सोय जवळपास नाहीच. तो खडकांच्या झिजेतून, आणि आता शेतातल्या स्फुरदातून व शहरांच्या सांडपाण्यातून, नद्यांबरोबर समुद्रात येतो. समुद्रातून बाहेर पडायचा त्याचा एकच मोठा मार्ग म्हणजे तळाच्या गाळात पुरलं जाणं. म्हणून गाळ फॉस्फरस धरतो की सोडतो याचा परिणाम त्या जागेपुरता राहत नाही. पाण्यात शेवाळ किती वाढणार, ते कुजताना किती ऑक्सिजन खाणार, इथपर्यंत तो पोहोचतो.

गाळात फॉस्फरस मुख्यतः चार रूपांत येतो किंवा घडतो. मेलेल्या प्लवकांच्या सेंद्रिय पदार्थातला. गंजासारख्या लोह ऑक्साइडांच्या पृष्ठभागाला चिकटलेला. जमिनीवरून आलेल्या खडकांच्या कणांतल्या कॅल्शियम-फॉस्फेटच्या खनिजातला, म्हणजे अ‍ॅपेटाइटमधला. आणि समुद्रतळाशीच नव्याने घडलेल्या खनिजांतला. खडकातून आलेलं अ‍ॅपेटाइट बहुतेक वेळा जसं आलं तसं पुरलं जातं, त्याचा विचार इथे सोडून देऊ. नाट्य उरलेल्या तिघांत आहे.

सेंद्रिय पदार्थ कुजतो तेव्हा त्यातला फॉस्फरस सुटतो. ताज्या प्लवकांमध्ये कार्बनचे सरासरी १०६ अणू असतील तर फॉस्फरसचा १ असतो. हे रेडफिल्डचं प्रसिद्ध गुणोत्तर. ऑक्सिजनविना कुजलेल्या गाळात उरलेल्या सेंद्रिय पदार्थात हेच गुणोत्तर कित्येक शेपर्यंत चढलेलं दिसतं, म्हणजे कार्बन मागे राहतो आणि फॉस्फरस आधी निघून जातो. सुमारे ९.४ कोटी वर्षांपूर्वी समुद्रांचे मोठे भाग ऑक्सिजनविना गेले होते. त्या काळच्या काळ्या शेल खडकांतही फॉस्फरसची अशीच वानवा आढळते.

लोहाचा भाग जुना आणि परिचित. ऑक्सिजन असलेल्या पाण्यात लोह गंजून बारीक कण होतात आणि ते फॉस्फेटला घट्ट धरतात. १९३० च्या दशकात जर्मनीत आइन्झेले यांनी आणि १९४१-४२ मध्ये इंग्लंडच्या सरोवर प्रदेशात मॉर्टिमर यांनी दाखवलं की उन्हाळ्यात तळाचा ऑक्सिजन संपला की हे कण विरघळतात आणि लोह व फॉस्फेट दोन्ही पाण्यात येतात. पाठ्यपुस्तकातलं वाक्य इथून आलं आहे. वाक्य चुकीचं नाही, अर्धवट आहे. सरोवरात पुन्हा ऑक्सिजन आला की तेच लोह पुन्हा गंजतं आणि तेच फॉस्फेट खाली ओढून नेतं; हिशेब बराचसा मिटतो. समुद्रात तो मिटत नाही, कारण समुद्रात सल्फेट आहे.

नेहमीच्या खाऱ्या समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे २८ मिलिमोल सल्फेट असतं. गोड्या पाण्याच्या सरोवरांत ते साधारणपणे याच्या कैक पटींनी कमी. ऑक्सिजन, नायट्रेट, मँगनीज आणि लोह यांचा वापर झाल्यावर गाळातले जीवाणू सल्फेट वापरून श्वसन करतात आणि सल्फाइड सोडतात. सडक्या अंड्याचा वास येतो तो याचाच. सल्फाइड लोहावर तुटून पडतं. आधी काळं लोह सल्फाइड, मग पायराइट हे लोह-गंधकाचं खनिज. पायराइटमध्ये अडकलेलं लोह ऑक्सिजन परत येईपर्यंत फॉस्फेटच्या कामाचं राहत नाही, आणि गाळात खोल गेलेल्या पायराइटकडे ऑक्सिजन पोहोचतच नाही. म्हणून गोड्या पाण्यापेक्षा खाऱ्या पाण्याचा गाळ फॉस्फरस जास्त सोडतो, हे निरीक्षण १९८९ पासून नीट मांडलेलं आहे. पायराइटच्या एका लोह अणूमागे गंधकाचे दोन अणू लागतात, तेव्हा एक खडबडीत कसोटी हाती येते: गाळात जितकं वापरता येण्याजोगं लोह आहे त्याच्या दुपटीहून जास्त सल्फाइड तयार होत असेल, तर फॉस्फेटसाठी लोह शिल्लक राहणार नाही.

आता मिथेन. सल्फेट गाळात वरून झिरपतं आणि खाली जाताना संपत जातं. ते जिथे संपतं तिथून खाली कुजण्याचं काम मिथेन बनवणाऱ्या आर्किया या जीवाणूंसारख्या सूक्ष्मजीवांकडे जातं. हा मिथेन वर झिरपतो, सल्फेट खाली झिरपतं, आणि जिथे दोघं भेटतात त्या पट्ट्यात दोघंही संपतात. सल्फेट वापरून मिथेन जाळणारे आर्किया आणि त्यांना चिकटून राहणारे सल्फेटश्वसनी जीवाणू यांची जोडगोळी अमेरिकेच्या ओरेगनसमोरच्या हायड्रेट रिज या कड्यावर सापडली. २००० साली अँत्ये बोएटियुस आणि सहकाऱ्यांनी ती सूक्ष्मदर्शकाखाली दाखवली. मिथेनच्या एका रेणूमागे सल्फेटचा एक रेणू खर्च होतो आणि त्यातून एक सल्फाइड, एक बायकार्बोनेट निघतं. यामुळे या अरुंद पट्ट्यात सल्फाइडचा जोर फार असतो. समुद्रतळातला मिथेन वरच्या पाण्यापर्यंत फारसा का पोहोचत नाही, याचंही मुख्य कारण हाच पट्टा आहे.

फॉस्फरसच्या दृष्टीने या पट्ट्याला दोन तोंडं आहेत. पट्ट्यात आणि त्याच्या वर सल्फाइड लोहाला गिळतं, फॉस्फेट सुटतं. पट्ट्याच्या खाली सल्फेटच नाही, त्यामुळे नवं सल्फाइडही नाही. तिथे लोह ऑक्साइड शिल्लक असेल तर ते हळूहळू विरघळतं, पण त्यातून निघालेल्या द्विसंयुजी (विरघळणाऱ्या) लोहाला पकडायला सल्फाइड नसल्यामुळे ते गाळातल्या पाण्यात साठत जातं. वरून सुटलेलं थोडं फॉस्फेट खालीही झिरपतं. लोह आणि फॉस्फेट दोन्ही भरपूर झाले की व्हिव्हियनाइट घडतं: लोहाचे तीन, फॉस्फेटचे दोन आणि पाण्याचे आठ रेणू असलेलं खनिज. ताजं असताना ते रंगहीन किंवा फिकट असतं, हवा लागली की निळं पडतं.

मग मिथेन जास्त म्हणजे फॉस्फरस जास्त अडकणार, असा निष्कर्ष लगेच काढू नका. पट्ट्याच्या खाली लोह ऑक्साइड शिल्लक असणं ही यातली सगळ्यात अवघड अट आहे. नेहमीच्या समुद्रात सल्फाइडचा पट्टा जाड असतो आणि वरून पुरलं जाणारं लोह त्यातून सावकाश खाली जाताना बहुतेक पायराइट होऊन जातं. पलीकडे काही उरवायचं तर तीन गोष्टी जुळाव्या लागतात. लोहाचा पुरवठा मोठा हवा, गाळ वेगाने साचायला हवा, आणि सल्फेट कमी हवं. बोथ्नियाचा समुद्र या तिन्ही बाबतींत नशीबवान आहे.

स्वीडन आणि फिनलंड यांच्यामधला हा बाल्टिकचा उत्तरेकडचा भाग. पाण्याची क्षारता ५ ते ६, म्हणजे महासागराच्या सहाव्या भागाच्या आसपास; सल्फेटही त्याच प्रमाणात कमी, लिटरमागे चार-पाच मिलिमोल. आजूबाजूच्या जंगलांतून आणि पाणथळींतून येणाऱ्या नद्या भरपूर लोह आणतात. तळाच्या पाण्यात इथे ऑक्सिजन असतो, हे विसरू नका. ऑक्सिजन नसतो तो गाळात, वरचा पातळ थर सोडल्यावर. त्यामुळे लोह गंजलेल्या रूपात, फॉस्फेट अंगावर घेऊन, गाळापर्यंत सुखरूप पोहोचतं. दक्षिणेकडच्या मुख्य बाल्टिक खोऱ्यातून इथे फॉस्फरसयुक्त पाणीही येत राहतं, आणि या गाळात तो जिरतो.

इथे आणखी एक गोष्ट घडली. विसाव्या शतकात पोषकद्रव्यं वाढली, तळाला जास्त सेंद्रिय पदार्थ जाऊ लागला, मिथेन वाढला आणि सल्फेट-मिथेन पट्टा वर सरकला. सुमारे २०० मीटर पाण्याखालच्या एका अभ्यासलेल्या जागी तो गाळाच्या पृष्ठभागापासून अवघ्या ४ ते ९ सेंटिमीटरवर आहे. खुल्या समुद्रात हाच पट्टा मीटर-दोन मीटर, कधी दहा-वीस मीटर खोल असतो. पट्टा असा पटकन वर आला की त्याखाली गेलेल्या गाळाला सल्फाइडचा सहवास फार थोडा काळ मिळतो. लोह ऑक्साइडचा मोठा वाटा वाचतो आणि थेट मिथेनच्या राज्यात दाखल होतो. भू-रसायनशास्त्रज्ञ कॅरोलिन स्लॉम्प यांच्या गटातले मथायस एगर आणि सहकारी यांनी २०१५ साली याच गाळातून व्हिव्हियनाइटचे स्फटिक वेगळे काढून दाखवले आणि हिशेब मांडला: पट्ट्याखाली पुरल्या जाणाऱ्या एकूण फॉस्फरसपैकी ४० ते ५० टक्के व्हिव्हियनाइटच्या रूपात आहे. हा आकडा येईपर्यंत समुद्रातल्या फॉस्फरसच्या ताळेबंदात व्हिव्हियनाइटला तळटीपेएवढीच जागा मिळत असे. सरोवरांवर काम करणाऱ्यांना मात्र हे खनिज जुनं ओळखीचं होतं. दोन शाखा एकमेकींचं वाचत नाहीत त्याचा हा परिणाम, असं माझं मत.

त्याच गटाने त्याच वर्षी दुसरी गोष्ट दाखवली. मिथेन जाळायला सल्फेटच लागतं असं नाही. सल्फेट संपल्यावर लोह ऑक्साइड वापरूनही मिथेन जाळला जातो. एका मिथेनमागे लोहाचे आठ अणू विरघळतात. मिथेनच्या एकूण हिशेबात ही वाट अगदी थोडी, काही टक्क्यांचीच. पण एकास आठ हे प्रमाण पाहा. मिथेनच्या दृष्टीने नगण्य असलेली ही प्रक्रिया लोहाच्या दृष्टीने प्रचंड आहे, आणि लोह वाढलं की व्हिव्हियनाइटचा रस्ता खुला होतो. तुम्ही विचारलेला ‘मिथेनचा फॉस्फरसशी संबंध काय’ हा प्रश्न इथे सगळ्यात थेट सुटतो, तरीही मध्ये लोह आहेच.

आता त्याच बाल्टिकच्या दक्षिणेला चला. गॉटलंड खोलगट, लांडसॉर्ट खोलगट, जिथे तळाच्या पाण्यातच ऑक्सिजन नसतो आणि सल्फाइड थेट पाण्यात असतं. उत्तर समुद्राचं खारं, ऑक्सिजनयुक्त पाणी मोठ्या लोंढ्याने आत शिरतं तेव्हा तळाला थोडा काळ दम मिळतो; १९९३, २००३ आणि डिसेंबर २०१४ चे लोंढे प्रसिद्ध आहेत. मधल्या काळात लोह गाळापर्यंत गंजलेल्या रूपात पोहोचतच नाही, आणि आधी धरलेलं फॉस्फेट वर सुटतं. डॅनियल कॉन्ली आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये दाखवलं की बाल्टिकच्या पाण्यातला फॉस्फरस वर्षागणिक वरखाली होतो तो नद्यांच्या पुरवठ्यापेक्षा ऑक्सिजनविरहित तळाच्या क्षेत्रफळाशी जास्त जुळतो. सुटलेलं फॉस्फेट वर आलं की हवेतला नायट्रोजन वापरू शकणारे नील-हरित जीवाणू उन्हाळ्यात माजतात, ते मरून खाली जातात, कुजतात, ऑक्सिजन आणखी खातात. नद्यांतून येणारं कमी केलं तरी समुद्र सुधारायला दशकं का लागतात, याचं उत्तर या चक्रात आहे.

या खोलगटांतही एक अपवाद दिसतो. आजूबाजूच्या उथळ उतारांवरून विरघळलेलं लोह आणि मँगनीज खोल भागाकडे येतं, लोंढ्याच्या वेळी ऑक्सिजन मिळाला की गंजून फॉस्फेटसह तळाला बसतं, आणि लांडसॉर्टसारख्या ठिकाणी त्यातला काही भाग खनिज होऊन टिकतो. म्हणजे सल्फाइडच्या घरातही लोहाचा पुरवठा अचानक वाढला तर पारडं थोडं फिरतं. पण एकूण हिशेब तोट्याचाच.

तळाला ऑक्सिजन पंपाने पुरवावा, म्हणजे गाळ फॉस्फरस धरेल, अशी सूचना बाल्टिकसाठी वारंवार येते. स्वीडनच्या बी फिओर्डमध्ये हा प्रयोग छोट्या प्रमाणात करूनही पाहिला गेला. मला ती अख्ख्या समुद्रासाठी पटत नाही. गाळातलं लोह आधीच पायराइटमध्ये गेलं असेल तर ऑक्सिजन आला तरी फॉस्फेटला धरायला मोकळं लोह किती असणार, हा प्रश्न पंपवाले सहसा विचारत नाहीत. वरच्या सेंटिमीटरभर थरात थोडं धरलं जाईल, पंप थांबला की सुटेल.

सल्फाइडवाल्या गाळात फॉस्फरस अडकायची दुसरी वाट लोहाविना आहे. ती कॅल्शियमची. तिचं सगळ्यात विलक्षण उदाहरण म्हणजे नामिबियाचा किनारा. तिथे खोलातलं पोषक पाणी वर येतं, डायटम या सूक्ष्म शैवालांचा हिरवा चिखल साचतो, त्यात मिथेन आणि सल्फाइड इतकं की वॉल्व्हिस बेजवळ कधीकधी वायूचे उद्रेक होऊन पाण्याचा रंग बदलतो आणि मासे मरतात. १९९७ मध्ये या चिखलात हायडे शुल्झ यांना थायोमार्गारिटा नामिबिएन्सिस हा जीवाणू सापडला, पाऊण मिलिमीटरपर्यंत मोठा, नुसत्या डोळ्यांना दिसणारा. तो पेशीत नायट्रेट साठवतो आणि त्याच्या बळावर सल्फाइड खातो. शिवाय पॉलिफॉस्फेटच्या (फॉस्फेटच्या साखळ्यांच्या) रूपात फॉस्फरसही साठवतो. ऑक्सिजन-नायट्रेटची चणचण झाली की तो पॉलिफॉस्फेट मोडून ऊर्जा मिळवतो आणि फॉस्फेट आजूबाजूच्या पाण्यात सोडतो. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजमापांत अशा थरातल्या गाळाच्या पाण्यात फॉस्फेट लिटरमागे ३०० मायक्रोमोलपर्यंत गेलेलं दिसलं. समुद्राच्या खोल पाण्यात ते दोन-तीन मायक्रोमोल असतं. एवढी तीव्रता झाली की समुद्राच्या पाण्यातल्या कॅल्शियमबरोबर अ‍ॅपेटाइट घडतं. सल्फाइड अ‍ॅपेटाइटचं काही बिघडवू शकत नाही. खत कारखान्यांना लागणारा फॉस्फोराइट खडक समुद्रात असाच काहीसा साचत गेला, हे आता बऱ्यापैकी मान्य आहे.

म्हणजे तीन गाळ, तिन्हींच्या आत ऑक्सिजन शून्य, तिन्हींत मिथेन, आणि फॉस्फरसची गत तीन तऱ्हांची. बोथ्नियात लोहाशी खनिज, गॉटलंडला बहुतेक सुटका, नामिबियात कॅल्शियमशी खनिज.

मोजमापाबद्दल तुम्ही विचारलं नव्हतं, पण हे न सांगता राहवत नाही, कारण या विषयातले निम्मे वाद खरं तर मोजण्याचे वाद आहेत. फॉस्फरसची रूपं ओळखायला कॅथलीन रुटनबर्ग यांची १९९२ ची पाच पायऱ्यांची क्रमवार काढणी सगळे वापरतात. तिच्या दुसऱ्या पायरीत सायट्रेट, डायथायोनाइट आणि बायकार्बोनेट यांचं द्रावण वापरतात, आणि त्यात जे निघेल त्याला ‘लोह ऑक्साइडला चिकटलेला फॉस्फरस’ म्हणतात. मेख अशी की व्हिव्हियनाइटही याच पायरीत विरघळतं. त्यामुळे मिथेनच्या खोल गाळात, जिथे लोह ऑक्साइड उरलेलंच नसावं, तिथे या पायरीत भरपूर फॉस्फरस दिसला तर आश्चर्य करत न बसता व्हिव्हियनाइटचा संशय घ्या. मग गाळ बारीक चाळणीतून धुवून निळसर दाणे वेचा, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली लोह आणि फॉस्फरसचं गुणोत्तर पाहा, क्ष-किरण विवर्तनाने खात्री करा. अख्ख्या गाळाच्या नमुन्यावर विवर्तन केलंत तर काही दिसणार नाही. प्रमाण फार कमी असतं. जुन्या शोधनिबंधांतल्या ‘लोहाला चिकटलेल्या’ फॉस्फरसच्या आकड्यांकडेही म्हणूनच मी सावधपणे पाहतो.

दुसरी मेख हवेची. कोअर, म्हणजे नळीने काढलेला गाळाचा उभा नमुना, जहाजावर आला की वेळेशी शर्यत सुरू होते. गाळातल्या पाण्यात विरघळलेलं लोह असेल आणि त्याला हवा लागली तर ते नळीतच गंजतं आणि फॉस्फेट सोबत घेऊन खाली बसतं. प्रयोगशाळेत फॉस्फेट कमी भरतं आणि आपण भलताच निष्कर्ष काढतो. म्हणून पाणी काढायचं ते बारीक छिद्रांच्या रायझॉन नळ्यांनी थेट कोअरमधून किंवा नायट्रोजन भरलेल्या पिशवीत, आणि लोहाचा नमुना लगेच आम्ल घालून ठेवायचा. सल्फाइडयुक्त पाणी असेल तर मॉलिब्डेटच्या निळ्या रंगाच्या परीक्षेत ते ढवळाढवळ करतं. आधी आम्ल घालून वायू घालवून द्यायचा. कोरडा करून डब्यात ठेवलेला गाळ तर आणखी फसवा. पायराइट हवेत गंजून आम्ल तयार करतं, ते आम्ल अ‍ॅपेटाइट विरघळवतं, आणि सुटलेलं फॉस्फेट नव्या गंजाला चिकटतं. वर्षभर कपाटात राहिलेल्या नमुन्यात कॅल्शियमचा फॉस्फरस लोहाचा होऊन बसलेला असतो. गाळ गोठवून, ऑक्सिजन लागू न देता ठेवणं हाच उपाय.

मिथेनचं मोजमाप त्याहून नाजूक. खोल पाण्याचा दाब हटला की कोअरमधला वायू सोड्याची बाटली उघडावी तसा फसफसून निघून जातो. म्हणून कोअरच्या नळीला आधीच भोकं पाडून चिकटपट्टी लावून ठेवतात, वर येताच पट्टी काढून टोक कापलेल्या सिरिंजने गाळ ओढतात आणि संपृक्त मिठाच्या पाण्याच्या बाटलीत बंद करतात. तरीही संपृक्ततेच्या जवळचे आकडे खरे मानू नयेत. सल्फेट कुठे संपलं हे मात्र नीट मोजता येतं, म्हणून पट्ट्याची खोली ठरवायला मी मिथेनपेक्षा सल्फेटवर जास्त विसंबतो.

आता आपला किनारा. पश्चिम किनाऱ्यासमोरच्या आतल्या उथळ पट्ट्यात, चिकणमातीच्या थरात वायू साठलेला आहे, हे ध्वनिलहरींच्या सर्वेक्षणांतून १९९० च्या दशकातच प्रसिद्ध झालं आहे. वायू असलेल्या जागी ध्वनी आत शिरत नाही आणि खालचे थर पुसल्यासारखे दिसतात. लोहाची तर इथे चंगळ आहे. सह्याद्रीच्या उतारावरचा जांभा म्हणजे मुख्यतः लोह आणि अ‍ॅल्युमिनियमचे ऑक्साइड, आणि पावसाळ्यातल्या तांबड्या नद्या ते थेट समुद्रात नेतात. मांडवी-जुवारीच्या खोऱ्यांत खनिज लोहाचा चुराही त्यात पडला.

तिसरी अट मात्र आपल्याकडे पुरी होत नाही. आपलं पाणी पूर्ण खारं, सल्फेट २८ मिलिमोल. त्यामुळे सल्फाइडचा पट्टा बोथ्नियापेक्षा खोल आणि जाड असणार, आणि लोहाचा मोठा वाटा त्यात खर्ची पडणार. पट्ट्याखाली व्हिव्हियनाइट मिळणं अशक्य नाही, कारण लोह मुळात खूप आहे आणि नद्यांच्या मुखांजवळ गाळही साचतो. पण बोथ्नियासारखा निम्मा वाटा मिळेल अशी आशा मी धरणार नाही. खाड्यांच्या वरच्या, गोड्या पाण्याच्या बाजूला शक्यता जास्त वाटते, तरी तिथेही एक अडचण आहे. पावसाळ्यात मांडवी जवळपास गोडी होते आणि उन्हाळ्यात समुद्राचं पाणी बरंच आत शिरतं, म्हणजे सल्फेटचा नवा साठा दरवर्षी मिळतो.

उथळ समुद्राची ऋतुचक्राची गोष्ट वेगळी धरायला हवी. नैऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात खोलातलं कमी ऑक्सिजनचं पाणी किनाऱ्याकडे चढतं, वर पावसाच्या गोड्या पाण्याचं झाकण बसतं, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत तळाशी ऑक्सिजन संपून सल्फाइडसुद्धा दिसतं. गोव्यातल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने कांदोळीसमोर १९९७ पासून हे नियमित मोजलं आहे. त्या महिन्यांत पाण्यातला नायट्रेट जीवाणू खाऊन टाकतात आणि तळातून फॉस्फेट सुटतं, त्यामुळे नायट्रोजन-फॉस्फरसचं गुणोत्तर घसरतं. नोव्हेंबरनंतर ऑक्सिजन परतला की वरच्या थरातलं लोह पुन्हा गंजतं आणि फॉस्फेटचा काही भाग परत धरतं. बाल्टिकच्या खोलगटांत वर्षानुवर्षं चालणारी गोष्ट इथे दरवर्षी सुरू होते आणि दरवर्षी मोडते. कोकणाला बोथ्नियाची किंवा गॉटलंडची नक्कल समजू नये, ते यामुळेच.

तुम्हाला यावर प्रकल्प करायचा असेल तर व्हिव्हियनाइटच्या मागे आधी लागू नका. एकाच जागेवरून ऑक्टोबरमध्ये आणि पुन्हा फेब्रुवारीत कोअर घ्या. वरच्या ३० सेंटिमीटरचा कोअर वेगळा, अखंड पृष्ठभागासह. आणि दोन-तीन मीटरचा गुरुत्व कोअर (वजनाच्या जोरावर नळी गाळात घुसवून काढलेला) वेगळा, कारण त्याचा वरचा भाग जवळपास नेहमीच उसवलेला असतो. गाळाच्या पाण्यात सल्फेट, सल्फाइड, द्विसंयुजी लोह आणि फॉस्फेट हे चार मोजा, एकाच नमुन्यातून, त्याच दिवशी. सल्फेट जिथे शून्याकडे जातं त्याच्या खाली लोह वर चढतंय का ते पाहा. चढत असेल आणि त्याच खोलीवर फॉस्फेट उतरत असेल, तर मग तो थर धुवायला घ्या आणि निळे दाणे शोधा. लोह चढतच नसेल तर व्हिव्हियनाइटचा विचार सोडा, वरच्या ३० सेंटिमीटरकडे परत या आणि दोन ऋतूंमधला फॉस्फेटचा फरक काढा.